अठरा पर्वं, एक आज्ञा

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘व्हीएसएनएल’ने, भारतातल्या सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली. कंपनीचं मुख्य कार्यालय फोर्टात, महात्मा गांधी रस्त्यावरच्या विदेश संचार भवनात होतं. दुसरी मोठी इमारत प्रभादेवीला, काशिनाथ धुरू मार्गावर. तिचं नाव लोकमान्य विदेश संचार भवन. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबली मुंबईत ज्या ठिकाणी वर येतात, त्यांतलं प्रभादेवी हे एक. दादर स्टेशनवरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर देशाचा बाहेरच्या जगाशी असलेला दुवा होता, आणि दादर-परळच्या चाळींत राहणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्या काळात विद्यार्थ्यांना परवडणारं खातं असे ते ‘शेल अकाउंट’. त्यात चित्रं नव्हती, माउसचं काम नव्हतं. मोडेमने फोन फिरवायचा, पलीकडचा सूर जुळला की काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायची आणि पुढचं सगळं आज्ञा टंकून करायचं. मुंबईतल्या कितीतरी ग्राहकांच्या ई-मेल पत्त्यात ‘जीआयएएसबीएम01’ अशी अक्षरं असत. ‘जीआयएएस’ हे व्हीएसएनएलच्या इंटरनेट सेवेचं आद्याक्षरी नाव, ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे आणि 01 हा यंत्राचा क्रमांक. शेल अकाउंटवाल्याचं खरं इंटरनेट त्या यंत्रावर होतं. घरातला संगणक म्हणजे त्या यंत्रापर्यंत लांबवलेला कीबोर्ड आणि पडदा, एवढंच.

यातून एक अडचण उभी राहायची. परदेशातल्या यंत्रावरून फाइल मागवली तर ती घरी येत नसे, व्हीएसएनएलच्या यंत्रावरच्या आपल्या खात्यात येऊन पडे. तिथून घरी आणण्यासाठी दुसरा प्रवास करावा लागे. पहिल्या टप्प्याला वापरायचा प्रोग्राम म्हणजे ‘एफटीपी’. दुसऱ्या टप्प्याला बहुतेक जण ‘झेडमोडेम’ वापरत. चक फोर्सबर्ग या अमेरिकन प्रोग्रामरने ते 1986 साली तयार केलं होतं. या दोन्हींत एक सोय समान होती: एकाच आज्ञेत अनेक फाइली. फोनचं मीटर चालू असताना दर फाइलीसाठी नवी आज्ञा टंकत बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

ही सोय आतून कशी चालते, हे बघायला एक उदाहरण हाताशी आहे, आणि ते मराठी माणसाच्या फार जवळचं आहे.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढली. काम 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. या कामाला शिस्त लावली ती विष्णु सीताराम सुकथनकर यांनी. ते 1925 पासून मुख्य संपादक होते. त्यांचा जन्म मुंबईचा, केंब्रिजमधलं शिक्षण गणिताचं आणि डॉक्टरेट बर्लिनची. 1942 साली मुंबई विद्यापीठाच्या वतीने त्यांनी महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं द्यायला घेतली. शेवटचं व्याख्यान व्हायच्या आत, जानेवारी 1943 मध्ये ते गेले. ती व्याख्यानं पुढे 1957 साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने, म्हणजे फोर्टातल्या टाउन हॉलमधल्या संस्थेने, पुस्तकरूपाने छापली.

सुकथनकरांच्या पद्धतीत प्रत्येक श्लोकाचे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ पडताळणीच्या कागदांवर उतरवले जात. हे काम पुण्याबरोबर शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही चाले. बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली हस्तलिखितं तिथले जाणकार वाचत आणि भरलेले कागद पुण्याला येत. कुठला कागद कुठल्या श्लोकाचा आणि कुठलं चिन्ह कुठल्या हस्तलिखिताचं, हे बिनचूक ठरलेलं नसतं तर त्या ढिगाऱ्यातून ग्रंथ उभा राहिला नसता.

हा ग्रंथ संगणकावर आणण्याचं पहिलं मोठं काम झालं जपानमध्ये. क्योतोचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी सहकाऱ्यांसह चिकित्सक आवृत्तीची संहिता रोमन अक्षरांत टंकून काढली. केंब्रिज विद्यापीठाचे संस्कृतज्ञ जॉन स्मिथ यांनी ती तपासून शुद्ध केली. या इलेक्ट्रॉनिक संहितेवर भांडारकर संस्थेचा हक्क 1999 या सालासह नोंदलेला आहे. स्मिथ यांनी भारतीय भाषांविषयीच्या आपल्या फाइली केंब्रिजच्या ज्या यंत्रावर ठेवल्या होत्या, त्या यंत्राचं नाव त्यांनी ‘बॉम्बे’ ठेवलं होतं.

पर्वं 18, तशा फाइलीही 18. स्मिथ यांनी त्यांना नावं दिली ती अशी: एमबीएच01.टीएक्सटी, एमबीएच02.टीएक्सटी आणि तसंच पुढे एमबीएच18.टीएक्सटीपर्यंत. (या पानांवर नावं आणि आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, कीबोर्डवर त्या रोमन अक्षरांतच टंकायच्या.) आतल्या ओळींनाही अशीच शिस्त आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पर्वाचे दोन आकडे, अध्यायाचे तीन, श्लोकाचे तीन. आदिपर्वातल्या पहिल्या अध्यायातला पहिला श्लोक म्हणजे 01001001.

आता समजा, नव्वदच्या दशकाच्या अखेरीला विल्सन कॉलेजात संस्कृत शिकणाऱ्या, गिरगावात राहणाऱ्या एका मुलीला हे सगळं महाभारत हवं आहे. संहितेत श्लोक पाऊण लाखाच्या आसपास. एका श्लोकाला क्रमांकासकट 100 अक्षरं धरली तर 75 लाख अक्षरं होतात. दुसऱ्या टप्प्यात, 9600 बिट वेगाच्या मोडेमवरून सेकंदाला जास्तीत जास्त 960 अक्षरं यायची. भागाकार केला तर दोन तास दहा मिनिटं, तेही मध्ये लाइन न तुटता. फाइली आधी दाबून लहान केल्या तर हा वेळ बराच खाली येई. तरीही इतका वेळ पडद्यासमोर बसून एकेक नाव टंकणं नको, म्हणून पहिल्या टप्प्यातच ती एफटीपीमध्ये शिरून, योग्य फोल्डरमध्ये जाऊन एकच ओळ टंकेल:

एमगेट एमबीएच*.टीएक्सटी

‘गेट’ म्हणजे आण, आणि आधीचा ‘एम’ म्हणजे एकाहून अधिक. ताऱ्याच्या जागी कुठलीही अक्षरं, कितीही. 18 नावं या एका साच्यात बसतात, म्हणून 18 फाइली येतात.

यात जे दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त रंजक आहे. फाइल पाठवण्याचा हा करार पहिल्यांदा लिहिला एका भारतीयाने. अभय भूषण हे कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. एमआयटीमध्ये असताना 16 एप्रिल 1971 रोजी त्यांनी ‘आरएफसी 114’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. इंटरनेट हा शब्द रुळायच्या आधीची, अर्पानेटच्या जमान्यातली ही गोष्ट. पुढे त्या करारात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आणि ऑक्टोबर 1985 मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी लिहिलेला ‘आरएफसी 959’ हा त्याचा स्थिर मसुदा ठरला.

या मसुद्यातल्या आज्ञांची यादी वाचली तर ‘आरईटीआर’ सापडते: ही फाइल दे. ‘एसटीओआर’ सापडते: ही फाइल ठेवून घे. ‘एनएलएसटी’ सापडते: इथल्या नावांची यादी दे. ‘एमगेट’ मात्र कुठेच नाही. सर्व्हरला एका वेळी एकच फाइल द्यायची माहीत असते. एकाहून अधिक फाइली आणण्याचं काम करारावर नसून आपल्या बाजूला चालणाऱ्या प्रोग्रामावर आहे. बर्कली विद्यापीठातून 1983 साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या 4.2 आवृत्तीतल्या एफटीपी प्रोग्रामात ‘एमगेट’ आणि ‘एमपुट’ या आज्ञा होत्या, आणि तिथून त्या जगभर पसरल्या. विंडोजबरोबर मिळणाऱ्या एफटीपी प्रोग्रामातही त्याच आल्या.

म्हणजे त्या मुलीने ओळ टंकल्यावर घडतं ते असं. तिचा प्रोग्राम सर्व्हरला म्हणतो, या साच्यात बसणारी नावं सांग. सर्व्हर 18 नावं पाठवतो. प्रोग्राम ती एका तात्पुरत्या फाइलीत लिहून घेतो आणि मग वरून खाली एकेक नाव घेऊन ‘ही दे’, ‘आता ही दे’ असं 18 वेळा मागतो. वाण्याच्या हाती यादी द्यावी आणि त्याने एकेक जिन्नस काढत जावा तसं हे नाही. इथे यादी गिऱ्हाइकाच्याच हातात राहते आणि वाण्याला प्रत्येक वेळी एकच जिन्नस सांगितला जातो. यादी अर्धी झाली असताना लाइन तुटली तर कुठपर्यंत आलो होतो, हे सर्व्हरला माहीत नसतं. ते आपणच पाहायचं.

एफटीपीची बांधणीही जरा वेगळी आहे. तो एकाच वेळी दोन जोडण्या वापरतो. एक बोलण्याची, सर्व्हरच्या 21 क्रमांकाच्या दारावर. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघडी असते. दुसरी माल आणण्याची. ती नेहमीच्या पद्धतीत दर फाइलीला नव्याने उघडते आणि फाइल संपली की बंद होते. दर वेळी बोलण्याच्या जोडणीवरून सर्व्हर क्रमांकासकट उत्तर देतो. 150 म्हणजे आता पाठवतो आहे. 226 म्हणजे पाठवून झालं. 550 म्हणजे ती फाइल मिळत नाही किंवा तुम्हाला ती घ्यायची परवानगी नाही. 426 म्हणजे जोडणी मध्येच तुटली. पडद्यावरून सरकणाऱ्या या ओळी बहुतेक जण वाचत नाहीत. वाचाव्यात. अठरा पर्वं नीट आली असतील तर 226 अठरा वेळा दिसायला हवं. सतरा वेळा दिसलं तर एक पर्व वाटेत आहे.

दर फाइलीला नवी जोडणी, याचा परिणाम वेगावर होतो. हजार लहान फाइली आणायला तेवढ्याच वजनाच्या एका मोठ्या फाइलीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलीमागे विचारणं, उत्तर, जोडणी उघडणं आणि बंद करणं एवढी देवघेव होते. म्हणून जाणकार आधी सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधतात. युनिक्सवर ‘टार’, विंडोजवर ‘झिप’. तरी गाठोडं प्रत्येक वेळी चांगलं, असं म्हणता येत नाही. लाइन खात्रीची नसेल तर सुट्या फाइलींचा फायदा असा की तुटली तेवढी एकच पुन्हा आणावी लागते. गिरगावातल्या जुन्या फोनलाइनवर सुट्या फाइलीच शहाणपणाच्या होत्या. चांगल्या प्रोग्रामांत ‘रीगेट’ ही आज्ञाही असते. अर्धवट आलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे ती आणते, पण सर्व्हरची तशी तयारी असेल तरच.

‘एमगेट’ दिल्यावर नवख्याला पहिला धक्का बसतो तो प्रश्नांचा. प्रोग्राम प्रत्येक नावापाशी थांबतो: एमबीएच01 आणू? हो म्हटलं की आणतो. मग, एमबीएच02 आणू? 18 फाइलींपर्यंत हे सोसतं. 300 फाइली असल्या तर माणूस वैतागतो. त्यावर उपाय म्हणजे आधी ‘प्रॉम्प्ट’ असं टंकायचं. प्रश्न बंद होतात. पुन्हा टंकलं की सुरू होतात. प्रोग्राम सुरू करतानाच ‘-आय’ लावलं तरी चालतं. कित्येक आवृत्त्यांत मधल्या प्रश्नाला ‘ए’ असं उत्तर देता येतं, म्हणजे इथून पुढे सगळ्यांना हो.

प्रश्न बंद करायची घाई मात्र करू नये. साचा बरोबर आहे याची खात्री झाल्यावरच ते बंद करावेत, कारण तारा फार उदार असतो. ‘एमगेट *’ असं नुसतं म्हटलं तर फोल्डरमधलं सगळं येतं. जुन्या प्रती, कुणाच्या तरी चाचणीच्या फाइली, शेकडो मेगाबाइटचं काहीतरी. आधी त्याच साच्याने ‘एलएस’ करून पाहिलं की साच्यात काय काय बसतं ते एका पडद्यात कळतं. ‘एमडिलीट’ नावाचीही आज्ञा आहे, एका फटक्यात अनेक फाइली पुसणारी. तिच्याबाबत ‘एलएस’ केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

फाइलींना नाव कसं द्यायचं, ही बाब इथे फार मोलाची ठरते. स्मिथ यांनी पहिल्या पर्वाला 1 न म्हणता 01 म्हटलं. त्यामुळे ‘एमबीएच0*’ म्हटलं की पहिली नऊ पर्वं येतात आणि ‘एमबीएच1*’ म्हटलं की दहावं ते अठरावं. आदी शून्य नसतं तर दुसऱ्या साच्यात आदिपर्वही सापडलं असतं आणि यादीत 1 नंतर 10, 11, 12 असा क्रम लागला असता. सभापर्व कुठल्या कुठे गेलं असतं. युनिक्समध्ये रोमन मोठं ‘एम’ आणि लहान ‘एम’ ही वेगळी अक्षरं धरली जातात, हेही ध्यानात ठेवावं लागतं. फाइलीचं नाव मोठ्या ‘एम’ने सुरू होत असेल आणि साच्यात लहान टंकलं, तर फाइल समोर असूनही ‘काही जुळलं नाही’ असं उत्तर येतं.

नावाचा दुसरा सापळा पुढे दिसला. स्मिथ यांच्या संकेतस्थळावर हीच संहिता नंतर तीन रूपांत आली: साध्या रोमन अक्षरांत, खुणांसहित रोमनमध्ये आणि युनिकोड देवनागरीत. तीन फोल्डर, पण तिन्हींत फाइलींची नावं तीच. कुणी तिन्ही फोल्डरांतून फाइली आणल्या आणि आपल्या संगणकावर एकाच ठिकाणी ठेवल्या, तर दुसऱ्या खेपेच्या फाइली पहिल्यांवर बसतात आणि तिसऱ्या खेपेच्या दुसऱ्यांवर. शेवटी हाती 18 फाइली राहतात आणि तक्रार कुणीच करत नाही, कारण प्रोग्रामच्या लेखी 54 वेळा सगळं सुरळीत झालेलं असतं. एफटीपीमध्ये यावर दोन उपाय आहेत. ‘एलसीडी’ आज्ञेने दर खेपेआधी आपल्या बाजूचं फोल्डर बदलायचं. नाहीतर ‘आरयुनीक’ चालू करायचं, म्हणजे त्याच नावाची फाइल आधीच असेल तर नव्या फाइलीच्या नावामागे 1, 2 असे आकडे लागतात. पहिला उपाय जास्त स्वच्छ. दुसऱ्याने फाइली वाचतात, पण कोणती कुठली हे शोधत बसावं लागतं.

पाठवणीचा हाच प्रकार उलट्या दिशेनेही होतो, त्याला ‘एमपुट’ म्हणतात. त्याची खरी कसोटी बघायची तर अनंत चतुर्दशीच्या दिवशी लालबागला जावं.

लालबागचा राजा 1934 पासून बसतो. विसर्जनाला तो सकाळी निघतो तो लालबाग, भायखळा, नागपाडा, दोन टाकी, गोल देऊळ, ऑपेरा हाउस असा फिरत दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोहोचतो. वृत्तपत्रांच्या आणि वृत्तसंस्थांच्या छायाचित्रकारांना या सगळ्या वेळात कार्यालयाकडे चित्रं पाठवत राहावं लागतं, कारण पान लावायची वेळ मिरवणुकीसाठी थांबत नाही. डिजिटल कॅमेरे आल्यावर हे काम कित्येक ठिकाणी एफटीपीवर गेलं. निकॉनने 2003 साली आपल्या डी2एच या कॅमेऱ्यासाठी ‘डब्ल्यूटी-1’ नावाचं बिनतारी जोडयंत्र काढलं, ते कॅमेऱ्यातून थेट एफटीपी सर्व्हरकडे चित्रं पाठवत असे. कॅनननेही तशी जोडयंत्रं काढली. ज्याच्याकडे तसलं काही नव्हतं तो रस्त्याकडेच्या एखाद्या दुकानात बसून लॅपटॉप उघडायचा आणि टंकायचा:

एमपुट डीएससी*.जेपीजी

इथे ताऱ्याचा अर्थ लावण्याची जागा बदलते. ‘एमगेट’मध्ये साच्यात काय बसतं ते सर्व्हरला विचारावं लागत होतं, ‘एमपुट’मध्ये फाइली आपल्याच डिस्कवर असल्याने आपलाच प्रोग्राम ते ठरवतो. त्यामुळे उलट्या फेरीत चूक झाली तर ती बहुधा आपल्या फोल्डरमध्येच असते: चुकीच्या फोल्डरमध्ये उभं राहून आज्ञा दिलेली असते.

कॅमेरे चित्रांना जी नावं देतात ती चार अक्षरं आणि चार आकडे, अशी बांधलेली असतात. आकडे 0001 ते 9999. दहा हजारावं चित्र काढलं की मोजणी पुन्हा 0001 पासून सुरू होते. आता दोन छायाचित्रकार एकाच सर्व्हरच्या एकाच फोल्डरमध्ये पाठवत असतील, एक लालबागच्या नाक्यावरून आणि दुसरा चौपाटीवरून, आणि दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे असतील, तर एकाचं 4127 क्रमांकाचं चित्र दुसऱ्याच्या 4127 वर जाऊन बसतं. गुलालाने माखलेला चेहरा जातो आणि त्याच्या जागी बोटीवरची मूर्ती येते, आणि कार्यालयातल्या माणसाला वाटतं की एकच चित्र आलं. म्हणून शिस्तीच्या कार्यालयांत चित्र पाठवण्याआधी नाव बदलतात: तारीख, छायाचित्रकाराची आद्याक्षरं, मग क्रमांक. तारीखही वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. हे काम कंटाळवाणं आहे. त्यातच पुढचा निम्मा त्रास वाचतो.

नावात देवनागरी वापरायचं का, हा मराठी माणसाला पडणारा रास्त प्रश्न. एफटीपी जन्मला तेव्हा त्याला फक्त रोमन अक्षरं माहीत होती. 1999 साली ‘आरएफसी 2640’ने नावांसाठी यूटीएफ-8 मान्य केलं, त्यामुळे नव्या यंत्रांवर देवनागरी नाव जातं. पण मध्ये एखादं जुनं यंत्र आलं की ‘गणपती’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते आणि साच्याशी काहीच जुळत नाही. चित्राचा मथळा आणि ओळख देवनागरीत लिहावी, फाइलीचं नाव तूर्त रोमनमध्ये ठेवावं, यातच सध्या शहाणपण आहे. पुढची पिढी हा सल्ला मोडीत काढेल अशी आशा आहे.

चित्रांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. एफटीपीमध्ये पाठवणीचे दोन मुख्य प्रकार आहेत, मजकुराचा आणि ‘बायनरी’. मूळ करारात मजकुराचा प्रकार ठरलेला असतो. दुसरा मागावा लागतो. वेगवेगळ्या यंत्रांवर ओळ संपल्याची खूण वेगळी असते. युनिक्सवर ती एका बाइटची, 10 या मूल्याची. विंडोजवर 13 आणि 10 अशा दोन बाइटांची. मजकुराच्या प्रकारात प्रोग्राम ही खूण वाटेत बदलून देतो. महाभारताच्या पर्वांना त्याचा उपयोगच होतो, पलीकडे ओळी नीट दिसतात. छायाचित्राचा मात्र त्यात घात होतो. चित्रात 10 हे मूल्य असलेले हजारो बाइट असतात आणि ते ओळी संपल्याच्या खुणा नसतात, रंग असतात. प्रोग्राम त्यांतल्या प्रत्येकाआधी 13 घालत सुटतो. फाइल पोहोचते, 226 दिसतं, आणि उघडली की चित्राऐवजी रंगीत पट्टे. उपाय म्हणजे सुरुवातीलाच ‘बिन’ टंकणं. नंतरच्या कित्येक प्रोग्रामांनी पलीकडे युनिक्स दिसलं की स्वतःहूनच बायनरी प्रकार धरायला सुरुवात केली, तरी जुन्या हातांना पहिली आज्ञा ‘बिन’ हीच लागते. ही सवय सोडू नये.

गर्दीतल्या मोबाइल जोडणीवर आणखी एक गाठ पडते. मूळ पद्धतीत माल नेणारी जोडणी सर्व्हर आपल्याकडे उघडतो. पण मोबाइल कंपनीच्या जाळ्यामागे बसलेल्या लॅपटॉपपर्यंत बाहेरचं कुणी असं सरळ येऊ शकत नाही. मग लॉगिन होतं, बोलणं होतं, आणि पहिली फाइल पाठवताना सगळं गप्प होतं. तेव्हा ‘पॅसिव्ह’ प्रकार चालू करावा लागतो; त्यात दुसरी जोडणीही आपल्या बाजूने उघडते. 1994 सालच्या ‘आरएफसी 1579’ने हीच शिफारस केली होती. ज्यांना हे माहीत नसतं ते बिचारे नेटवर्कला दोष देत फोन उंच धरून फिरत राहतात.

आणि अर्धवट फाइली. कार्यालयातला संगणक फोल्डरवर नजर ठेवून असतो आणि नवं नाव दिसलं की चित्र उचलतो. पण एफटीपीने पाठवलेल्या फाइलीचं नाव पहिला बाइट पोहोचताच यादीत दिसायला लागतं, सगळं चित्र पोहोचायला अजून मिनिटभर असताना. त्यामुळे खालचा अर्धा भाग करडा असलेली चित्रं पानापर्यंत जाऊ शकतात. यावर छापखान्यांत आणि वृत्तकक्षांत रुळलेली तोड सोपी आहे. फाइल आधी तात्पुरत्या नावाने पाठवायची, आणि पुरी पोहोचली की ‘रिनेम’ करून खरं नाव द्यायचं. नाव बदलणं क्षणात होतं, त्यामुळे यादीत खरं नाव दिसेल तेव्हा चित्र पुरं असतं.

शेवटी तपासणी. किती फाइली गेल्या, किती पोहोचल्या, दोन्हीकडचे आकार जुळतात का, हे ‘डीआयआर’ने दोन मिनिटांत कळतं. मजकुराच्या प्रकारात पाठवलेल्या फाइलींचे आकार ओळींच्या खुणांमुळे वेगळे दिसू शकतात, हे लक्षात ठेवून. जिथे एका अक्षराची चूकही चालणार नाही तिथे आकारावर न थांबता ‘एसएचए-256’सारखा ठसा काढतात. फाइलीतला एक बाइट बदलला तरी हा ठसा पूर्ण वेगळा येतो. ग्रंथांच्या संहिता सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेने फाइलींबरोबर त्यांचे ठसेही ठेवावेत. शांतिनिकेतनहून आलेला कागद पुन्हा मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहण्यात जी कळकळ होती, तीच यात आहे.

एफटीपीची एक उणीव मात्र कुठल्याही सवयीने भरून निघत नाही. त्यात पासवर्ड उघडा जातो. वाटेत ऐकणाऱ्याला तो सरळ वाचता येतो. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने ‘एसएसएच’ लिहिलं. त्याच्या पाठोपाठ आलेला ‘एसएफटीपी’ दिसायला एफटीपीसारखा आहे, आतून पूर्ण वेगळा. त्यात जोडणी एकच असते आणि ती सगळी कुलूपबंद. डेबियन प्रकल्पाने आपले सार्वजनिक एफटीपी सर्व्हर 1 नोव्हेंबर 2017 रोजी बंद केले. 2021 साली फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून टाकला. व्हीएसएनएल त्याआधीच, 2002 साली टाटांकडे गेली होती आणि 2008 मध्ये तिचं नाव टाटा कम्युनिकेशन्स झालं.

बोटांना लागलेलं वळण मात्र वाया गेलं नाही. एसएफटीपीमध्ये ‘एमगेट’ आणि ‘एमपुट’ अजून चालतात. साधं ‘गेट’ही तारा समजून घेतं आणि ‘-आर’ लावलं तर फोल्डरच्या आतली फोल्डरंही आणतं. एफटीपीतला तो नावागणिक येणारा प्रश्न मात्र इथे येत नाही, म्हणून आज्ञेआधी ‘एलएस’ करून पाहणं जास्तच गरजेचं झालं आहे. दोन ठिकाणची फोल्डरं वरचेवर जुळवायची असतील तर अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1996 साली काढलेला ‘आरसिंक’ वापरावा. बदललेल्या फाइलींचा बदललेला भागच तो पाठवतो, त्यामुळे हजार चित्रांतल्या दहांवर काम झालं असेल तर उरलेल्यांना तो हात लावत नाही.

रोज तेच काम करायचं असेल तर एसएफटीपीच्या आज्ञा एका फाइलीत लिहून ‘-बी’ लावून ती फाइल त्याला देता येते. मग समोर कुणी बसलेलं नसलं तरी चालतं. या पद्धतीत एखादी आज्ञा फसली तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि पुढच्या आज्ञा करत नाही. एखादी फसली तरी पुढे जायचं असेल तर तिच्या ओळीआधी उणे चिन्ह घालतात. चित्रं पाठवून झाल्यावर मूळ फाइली पुसण्याची आज्ञा त्याच यादीत असेल, तर पाठवण्याच्या ओळीआधी ते चिन्ह कधीही घालू नये.